मनमिळाऊ नसलेल्या माणसाची बातमी

पनवेल तालुक्यात आजवर एकही भांडखोर माणूस वारलेला नाही. निदान आमच्या वर्तमानपत्रात तरी नाही. मी इथली वार्ताहर म्हणून इतकी वर्षं निधनाच्या बातम्या पाठवते आहे आणि खाडीच्या अलीकडे-पलीकडे जो कोणी गेला तो मनमिळाऊ म्हणूनच गेला. भावाला कोर्टात खेचणारा मनमिळाऊ, शेजाऱ्याच्या दारात मुद्दाम गाडी लावणाराही मनमिळाऊ.

बातमीचा साचा ठरलेला आहे. नाव, गाव, वय. अल्पशा आजाराने निधन. मनमिळाऊ व परोपकारी स्वभावामुळे परिचित. अंत्ययात्रेला सामाजिक, राजकीय, शैक्षणिक क्षेत्रातील मान्यवर उपस्थित. पश्चात मुलगे, मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार. दशक्रिया अमुक घाटावर, उत्तरकार्य राहत्या घरी. आणि शेवटी, दुखवटे स्वीकारले जाणार नाहीत. हे शेवटचं वाक्य बाहेरून आलेल्यांना कळत नाही. आमच्याकडे दहाव्याला नातेवाईक टॉवेल, टोप्या, साड्या घेऊन येतात, त्याला दुखवटा म्हणतात. एका घराला जन्मभर पुरून उरतील इतके टॉवेल जमायला लागले तेव्हा गावोगावच्या मंडळांनी ती पद्धत बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून आम्ही ते वाक्य छापतो आणि लोक टॉवेल आणतात, कारण छापलेल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पत्रकारितेच्या वर्गात मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्गातून बाहेर पडले तेव्हा मी जमिनींचे घोटाळे बाहेर काढणार होते. काही काढलेही. ते बाहेर आले, थोडा वेळ उन्हात उभे राहिले आणि पुन्हा आत गेले. उरलेला सगळा काळ मी भूमिपूजनं आणि लोकार्पणं लिहिली. एकाच गटाराचं भूमिपूजन दोन पक्षांच्या पुढाऱ्यांनी वेगवेगळ्या टोकांना केल्याचं मी लिहिलं आहे, दोन्हीकडच्या नारळांसह. मान्यवरांच्या नावांत एखादं राहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "मॅडम, आमी काय तिथं वडे खायला आलेलो?" बहुतेकदा ते वडे खायलाच आलेले असत, पण तसं म्हणता येत नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पुरवणी निघते. तिच्यात लेख मी लिहायचा, आणि त्या लेखात पुढारी लहानपणापासून नेतृत्वगुण दाखवतो. एका पुढाऱ्याचं लहानपण मी तीन वेगवेगळ्या शाळांत घालवलं. त्याच्याही लक्षात आलं नाही.

वर्षातून एकदा पत्रकारांचा सत्कार होतो. शाल आणि श्रीफळ. नारळाचं कालवणात काहीतरी होतं. शालींचं काय करायचं हा प्रश्न मात्र कोणी सोडवलेला नाही, कारण या हवेत खांद्यावर शाल घेऊन बसेल असा माणूस पनवेलमध्ये अजून जन्मायचा आहे. आमच्याकडे एक शाल टीव्हीवर होती, एक भावाच्या मोटारसायकलवर, आणि सगळ्यात चांगली, सोनेरी काठांची, बाबा ओटीवर पसरून तिच्यावर सुके बोंबील निवडत.

आमचं घर कामोठ्याच्या जुन्या गावात आहे. भोवती सेक्टर उभे राहिले तेव्हापासून रिक्षावाल्याला "गावातलं कामोठं" असं सांगावं लागतं, नाहीतर तो भलत्याच इमारतीसमोर नेऊन उभा करतो. आम्ही आगरी, आणि आमच्या घराचं खाडीकाठी खरोखरचं मिठाचं आगर होतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात तापू द्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडायचं आणि तळाशी दाणा धरला की लाकडी फळीने ओढून ढीग करायचा. मी लहान असताना बाबांना दुपारचं जेवण नेऊन देत असे. आगरात उभं राहिलं की कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. तो स्वच्छ दिसला की बाबा म्हणत, आज मीठ चांगलं पडनार. धूसर दिसला की कोणावर तरी चिडत.

चिडायला बहुतेक वेळा एकच माणूस जवळ असे. बांधापलीकडचं आगर बाबांच्या आतेभावाचं होतं. आम्ही त्यांना काका म्हणत आलो. दोन आगरांमध्ये चिखलाचा एक बांध. एका मोठ्या भरतीला तो फुटला, पाणी दोन्हीकडे घुसलं आणि ओढून ठेवलेलं मीठ दोघांचंही विरघळून गेलं. बांध त्या वर्षी कोणी लिंपायचा होता, यावर त्या दिवशी जे भांडण सुरू झालं ते थांबलंच नाही. पुढे सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या. आगर गेलं, मीठ गेलं, बांध तर असा गेला की आता त्या जागेवर दहावी-बारावीचे क्लास आहेत आणि खाली मोबाइलचं दुकान. भांडण मात्र कोणी संपादित केलं नाही. दोघं म्हातारे रोज सकाळी नाक्यावर चहाला जात आणि त्या क्लासच्या इमारतीपाशी आले की एक रस्त्याच्या या बाजूला होई, दुसरा त्या. जणू बांध अजून तिथेच आहे आणि ओला आहे.

आईने हे भांडण आपल्यापुरतं कधी मानलं नाही. खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण केलं की एक वाटी मागच्या दाराने काकांकडे जाई, आणि काकूंकडून वाटी कधी रिकामी परत येत नसे. बाबा त्या वाटीतलं खात आणि ते कुठून आलं हे विचारत नसत. आई गेली तेव्हा तिची बातमी मीच लिहिली. साच्यात लिहिली. तिच्या बाबतीत साचा बरोबर बसला होता.

नंतर बाबांना निधनाच्या बातम्या वाचायचा नाद लागला. दुपारी ओटीवर भिंग घेऊन बसत, खाली शाल, शालीवर बोंबील, मांडीवर आमचं जिल्हा पान. एके दिवशी त्यांनी विचारलं, "ह्याला मनमिळाऊ कोनी लिवला?"

"मीच."

"ह्यानं सोताच्या भावावर कोयता काढलेला."

"बाबा, ते बातमीत लिहीत नाहीत."

"मंग बातमीत काय लिवतात?"

मी म्हटलं, "वारले असं लिहितात."

"तेवढा तर घरच्यांना म्हाईत असतो." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "माझी कधी लिवशील?"

"वेळ आल्यावर."

"वेळ आल्यावर मी वाचायला नसनार. आता लिव."

आधी मला ते गमतीचं वाटलं. पण त्यांनी बोंबलांची टोपली सरकवून मला बसायला जागा केली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मिठागरवाला लिव, म्हणाले. शेतकरी नको, प्रतिष्ठित नागरिक नको, समाजसेवक तर नावालाही नको. मोजणीवाल्यांना बांधावरून परत पाठवलं ते लिव. सरपंचाला देवळात बोललो ते लिव. पलीकडच्याशी भांडलो ते लिव.

"काकांचं नाव घालू?"

"नको. त्याला कशाला मोठा करतंस."

"आणि स्वभाव?"

"मनमिळाऊ लिवायचा नाय." हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग बराच वेळ बोंबलांची डोकी मोडत बसले. "तुझी आय होती मनमिळाऊ. तिचा वाचला तवा मना बरा वाटला, बोललो, पोरीनं नीट लिवलंय. आन मग बघतंय तर जो मरतो तो मनमिळाऊ. तो शब्द तिचा हाय. मना नको."

मी फोनवर चार ओळी लिहून त्यांना वाचून दाखवल्या. 'मिठागरवाले म्हणून परिचित असलेले अमुक यांचे निधन झाले. जमीन मोजायला आलेल्यांना त्यांनी बांधावर उभे राहून परत पाठवले होते. ते स्पष्ट बोलत. त्यामुळे त्यांची अनेकांशी भांडणे झाली. त्यांतली काही मिटली नाहीत.'

"काही नाय," बाबा म्हणाले. "एकपन मिटला नाय."

मी शेवटचं वाक्य बदललं, 'त्यांतलं एकही मिटलं नाही.' बाबांनी पुन्हा वाचून घेतलं आणि विचारलं, "अशीच छापून येल?"

मी हो म्हटलं. वार्ताहराने कोणालाही असं हो म्हणू नये. छापण्याची गोष्ट त्याच्या हातात नसते आणि हे त्याच्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक नसतं. पण समोर बाबा होते, आणि त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली बातमी ही एवढीच.

भावाला ते कळलं तेव्हा तो नाराज झाला. त्याचा रेती-खडीचा धंदा आहे आणि गेली काही वर्षं तो नगरसेवक होण्याच्या बेतात असतो. त्याचंही चुकत होतं असं नाही. "ताई, भांडखोर माणसाचा मुलगा म्हणून मी वॉर्डात मतं मागू? बाबांनी देवळाच्या कामाला दगड दिला, शाळेच्या कमिटीवर होते. ज्येष्ठ समाजसेवक लिहिलं तर काय खोटं आहे?"

"शाळेच्या कमिटीवर सहा महिने होते. भांडून बाहेर पडले."

"पण होते ना."

"बाबांना नको आहे."

"बाबांना काय, एसीपण नको आहे."

विषय तिथेच राहिला. घरात दोन माणसांचं मरण आधीच लिहून तयार होतं आणि ते दोघंही बाबाच होते.

बाबा गेले ते सकाळी, चहा पुढ्यात असताना. आजार अल्पसाही नव्हता. दुपारी अंत्ययात्रा निघेपर्यंत नाक्यावर भावाच्या मित्रमंडळाचा फ्लेक्स लागला. बाबांचा एकुलता एक बरा फोटो बनियनवरचा होता. फ्लेक्सवाल्याने त्याला कोट चढवला होता. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे, बाबांपेक्षा जरा मोठे. कोटातले बाबा थेट मोबाइलच्या दुकानाकडे बघत होते, म्हणजे बांधाकडे.

संध्याकाळी घरात माणसं असताना मी आतल्या खोलीत गेले, फोनमधल्या त्या ओळी काढल्या, परिवार आणि दशक्रियेचा तपशील जोडला आणि पाठवून दिलं. मग कार्यालयात फोन केला. जिल्हा पान बघणारे उपसंपादक जुने आहेत, सज्जन आहेत, माझ्या बातम्यांतले जोडशब्द नीट करतात.

मी म्हटलं, "तेवढं आहे तसं जाऊ द्या."

"मॅडम, तुम्ही आता या कशाची काळजी करू नका," ते म्हणाले. "मी स्वतः बघतो."

दुसऱ्या दिवशी ते त्यांनी स्वतः बघितल्याचं दिसलं. 'ज्येष्ठ समाजसेवक अमुक यांचे दुःखद निधन.' अल्पशा आजाराने. मनमिळाऊ व परोपकारी स्वभावामुळे पंचक्रोशीत परिचित. फोटो नेहमीच्या दुप्पट आकाराचा, कोटातला. मिठाचा उल्लेख नाही. मी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज हळवा झाला होता.

"तुम्ही पाठवलं होतं ते जरा भावनेच्या भरात झालं होतं हो. भांडणं वगैरे. म्हटलं, उद्या तुम्हालाच वाईट वाटेल. तुमच्या बंधूंचाही फोन आला होता. मग मी नीट करून घेतलं. जागा कमी होती, पण एक जाहिरात खाली ढकलली."

मी आभार मानले. दुसरं काय म्हणणार. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्यासाठी कोणी जाहिरात हलवली नव्हती. पान दुमडून मी बोंबलांच्या टोपलीवर ठेवलं. भावाशी भांडायला हवं होतं, पण घरातलं भांडणारं माणूस गेलं होतं आणि मला त्यांच्या जागी उभं राहण्याचं त्राण नव्हतं.

दहावा तळ्यावरच्या घाटावर झाला. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, माईक. पिंड ठेवून कावळ्याची वाट बघायची असते, आणि तेवढ्या वेळात आमच्याकडे भाषणं होतात. एकामागून एक मान्यवर उठतात, मृताबद्दल दोन शब्द बोलतात आणि स्वतःबद्दल दहा. आधी प्रवचन झालं. मग माझ्या भावाच्या पक्षाचा तालुक्याचा पदाधिकारी उभा राहिला. खिशातून त्याने आमच्या वर्तमानपत्राचं कात्रण काढलं, म्हणजे माझी बातमी, जी माझी नव्हती.

काका तेव्हाच आले. मांडवात शिरले, शेवटच्या रांगेत बसले. हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात टॉवेल. भावाच्या मित्रमंडळातल्या कोणीतरी अदबीने सांगितलं, "काका, दुखवटे घेत नाही. पेपरात दिलंय."

"मी छापलेला वाचत नाय," काका म्हणाले आणि पिशवी मांडीवर ठेवून बसले.

माईकवरून पदाधिकारी वाचत होता. "मनमिळाऊ, परोपकारी... ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला दुखावलं नाही..." हे शेवटचं कात्रणात नव्हतं, त्याने पदरचं घातलं.

"कोन?" मागून आवाज आला.

पदाधिकारी थांबला. काका उभे राहिले होते. "कोनाबद्दल बोलतंस, बाबा?"

"काका, आपल्या... बाबांबद्दल."

"ह्याच्याबद्दल?" काकांनी पिंडाकडे बोट केलं. "मेला तरी माझ्याशी बोलला नाय तो."

म्हाताऱ्यांच्या रांगेत कोणीतरी खाकरल्यासारखं केलं. ते खाकरणं नव्हतं. मग दुसरा म्हणाला, "सरपंचाला देवळात बोलला, तवा सरपंच परसाद न घेता घरी गेलेला." तिसऱ्याने सांगितलं, "माझ्या लग्नात पंगतीतून उठला." कोणीतरी विचारलं, कशावरून. "मीठ कमी होता, बोलला. आगऱ्याच्या लग्नात मीठ कमी, ही काय रीत हाय?" आता हसू आवरणं कोणालाच जमेना. बायकांच्या बाजूला पदर तोंडावर गेले. लांबून बघणाऱ्याला आम्ही रडतो आहोत असं वाटलं असतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं.

मी भावाकडे बघितलं. तो माईकवाल्याला खूण करत होता. मला वाटलं, बंद कर म्हणतोय. पण माईकवाला माईक घेऊन मागे काकांकडे गेला. भाऊ मुंडन केलेलं डोकं खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

काकांनी माईक हातात घेतला, लांब धरला, त्याच्याकडे संशयाने बघितलं. "बांध त्यानं लिंपायचा होता," ते म्हणाले. "मी तवापन सांगितला, आतापन सांगतंय. त्याची पाळी होती." मांडव हसला. काका हसले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, जणू पलीकडून उत्तर यायचं आहे. "आता कोनाला सांगू," म्हणाले, आणि माईक परत दिला.

कावळा त्याच्या वेळेने आला. त्यातून मी काही अर्थ काढत नाही. काकांचा टॉवेल भावाने दोन्ही हातांनी घेतला. मित्रमंडळातल्या कोणी नियमाची आठवण केली नाही. पदाधिकाऱ्याने कात्रण घडी घालून पुन्हा खिशात ठेवलं, पुढे कुठे उपयोगी पडेल म्हणून असावं.

परतताना गाडीत भाऊ म्हणाला, "ताई, मी सांगितलं होतं त्यांना. पेपरवाल्यांना."

"माहीत आहे."

"तुझीच छापायला हवी होती."

"हो," मी म्हटलं. तशी छापूनही वेगळं काही झालं नसतं. त्या चार ओळी मांडवात कोणी मोठ्याने वाचल्या असत्या तर सगळ्यांनी माना हलवल्या असत्या आणि गप्प बसले असते. तरीही बाबांना मी दिलेला शब्द पाळला गेला नाही, हे राहिलंच. ते तसंच राहील. आमच्याकडे तशा गोष्टी मिटत नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी खाडीपलीकडच्या एका गावातलं निधन आलं. खाडीत मासेमारी करणारा म्हातारा. मुलाने व्हॉट्सअपवर तपशील पाठवले होते. मी नाव, गाव, वय, परिवार, दशक्रिया एवढंच लिहिलं आणि खात्री करून घेण्यासाठी त्यालाच परत पाठवलं. लगेच फोन आला.

"मॅडम, सगळं बरोबर हाय. फक्त ते मनमिळाऊ टाकायचं राहिलं."

"होते का?"

त्याच्या मागे घरात माणसं बोलत असल्याचा आवाज येत होता, भांडी वाजत होती. "सगळ्यांना टाकतात ना," तो म्हणाला.

"हो, टाकतात. म्हणून विचारलं."

मग त्याने आवाज जरा खाली आणला, घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "खरं सांगायचं तर लय भांडायचे. पन आता ते कसं लिवनार."

संध्याकाळ होत आली होती. छपाईसाठी पान बांधायची वेळ जवळ आली होती, आणि उपसंपादक ते स्वतः बघतील हे मला ठाऊक होतं. मी खुर्ची पुढे ओढली.

"कोणाशी?" मी विचारलं.